युनियनचा फॉर्म भरावा की आपलं आपण बघावं? लोटे एमआयडीसीतला माझा अनुभव

लोटे परशुरामला केमिकल प्लांटमधे ऑपरेटर म्हणून मला 14 वर्षं झाली, त्यातली पहिली 5 युनियनच्या बाहेर काढली आणि पुढची 9 आत. सध्या आमच्याकडे काही पोरं नवीन कायम झालीत आणि कँटीनमधे रोज हाच विषय, सभासद व्हायचं की साहेबाशी चांगलं ठेवून आपलं आपण बघायचं. मी दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितोय, दुसऱ्या कंपनीत चित्र वेगळं असू शकतं.

एकटं राहण्याचे फायदे खरे आहेत. काम चांगलं येत असेल आणि साहेब कदर करणारा असेल तर इन्क्रिमेंट बाकीच्यांपेक्षा जास्त पडतं, मला पण दोन वर्षं पडलं. वर्गणी नाही, सुट्टीच्या दिवशी मीटिंगला खेडला जायला नको, कोणाच्या डोळ्यावर येत नाही. फक्त साहेब बदलला की सगळं पहिल्यापासून, कारण कागदावर काहीच नसतं, आणि 5 वर्षांत माझे तीन साहेब बदलले.

तरी मी तसाच राहिलो असतो, पण सी-ऑफने, म्हणजे जादा कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या सुट्टीने, माझा निर्णय केला. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही की डबल मारायची, म्हणजे लागोपाठ दोन पाळ्या, आणि पावसाळ्यात जगबुडी नाहीतर वाशिष्ठी नदी चढली की माणसं घरीच अडकतात, त्यामुळे डबल ठरलेलीच. त्या जादा 8 तासांचे पैसे न देता टाइम ऑफिसला, जिथे हजेरी ठेवतात, एक सी-ऑफ लिहायचे. 2017 च्या गणपतीआधी माझे 14 जमा होते, घरच्या कॅलेंडरवर मी प्रत्येक तारखेला गोल करून ठेवायचो. 5 मागितले तर म्हणाले रजिस्टरला 3 च दिसतायत, बाकी लॅप्स, मुदतीत घेतले नाहीत ना. ही मुदत कुठे लिहिलीय विचारलं तर कोणी दाखवेना, आणि मुदतीत मागायला गेलं की माणूस कमी आहे, नंतर बघू. आमचा गौरी-गणपती, घरात मीच कर्ता, आणि विसर्जनाच्या संध्याकाळी मी रिअॅक्टरवर उभा होतो, गणपती चुलतभावाने नेला. ते मला अजून लागतं.

त्यानंतर युनियनच्या कमिटीतल्या एका काकांनी हिशोब समजावला. 1948 च्या कारखाने कायद्यापासून जादा कामाला दुप्पट दर आहे, नव्या कामगार संहितांमधेही दुप्पटच राहिलाय. म्हणजे एका डबलचे दोन रोज व्हायला हवेत आणि मी एका सुट्टीवर समाधान मानत होतो, ती पण मिळत नव्हती! हा कायदा मी कामाला लागलो तेव्हाही होताच, पण एकट्याने टाइम ऑफिसला जाऊन तो म्हणून दाखवायची माझी हिंमत नव्हती. युनियनने कंपनीशी केलेल्या पुढच्या करारात ओटी, म्हणजे जादा कामाचे पैसे, दुप्पट दराने पगारात आली, स्लिपवर वेगळ्या रकान्यात दिसते, आणि गणपतीची रजा आता चिठ्ठ्या टाकून वाटतात, यंदा ज्याची राहिली त्याचा पुढच्या वर्षी पहिला नंबर.

त्रास युनियनमधे पण आहे. तो करार व्हायला दीड वर्ष गेलं, फरक एकरकमी मिळाला पण तोपर्यंत जुन्या पगारावर घर चालवलं. कमिटीच्या निवडणुकीत गावातलं राजकारण घुसतं. आणि राबणारा आणि टाळाटाळ करणारा दोघांना वाढ सारखीच, हे मला आजही पटत नाही.

घरच्यांची भीती वेगळी असते. आजोबा परळला गिरणीत होते, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, ते गावाला आले आणि परत गेलेच नाहीत. संपाचे पुढारी दत्ता सामंत पण आपल्याच कोकणातले, मालवणच्या देवबागचे, आणि आमच्या घरात ते नाव निघालं की अजून सगळे गप्प होतात. त्यामुळे बाबांनी मला फॉर्म भरू नको म्हणून निक्षून सांगितलं होतं. ती भीती खोटी आहे असं मी कधी म्हणणार नाही, एवढंच सांगतो की माझ्या 9 वर्षांत आमच्याकडे एकदाही संप झाला नाही, जे मिळालं ते टेबलावर बसून मिळालं. युनियनमधे गेला म्हणून कामावरून काढणं ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा धरलीय. बारीकसारीक त्रास तरी होतो, मला दोन महिने नाइट जास्त लावल्या, मग कमिटी बोलली आणि थांबलं.

आमच्याकडे वर्गणी महिना 100 रुपये आहे, वर्षाची एका डबलच्या पैशात निघते. फॉर्म भरायच्या आधी मात्र मागच्या कराराची कॉपी मागा आणि ओटीचं कलम स्वतः वाचा, आणि वर्गणीची पावती देतात का तेही विचारा. कॉपी दाखवायला कां-कूं करत असतील तर मी पण थोडा थांबलो असतो. ठेकेदाराकडे असाल तर माझा अनुभव कमी पडतो, पण मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून दर महिन्याचा भरणा दिसतोय का ते आजच बघा.