तीन ८११-ए ट्यूबांचं जुनं लिनिअर: नऊ महिन्यांचा अनुभव

लिनिअर म्हणजे हॅम रेडिओच्या (हौशी बिनतारी संदेशवहनाच्या) सेटची पॉवर वाढवणारा अॅम्प्लिफायर. हे डिसेंबरात घेतलं, आता गणपती होऊन गेले. म्हणजे माझ्याकडे नऊ महिने झाले. त्याचं खरं वय तीसच्या पुढे असावं. सदाशिव पेठेतल्या एका ज्येष्ठ हॅमनी ते स्वतःच्या हातांनी बांधलेलं. वाड्याची बिल्डिंग झाली, अँटेना लावायची गच्ची गेली, आणि काकांनी "नेणार असशील तर ने, पण भंगारात घालू नकोस" या अटीवर मला दिलं. किंमत सांगत नाही, कारण तेवढ्यात तुम्हाला मिळणार नाही.

आणायची कथा आधी. ट्रान्सफॉर्मरच अठरा किलोचा. मी शहाणपणा करून अख्खा डबा स्कूटरच्या पायाशी ठेवायला निघालो, तेव्हा काकांनी दंडाला धरून थांबवलं. ट्यूबा काढल्या, एकेक जुन्या बनियनमध्ये गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवल्या आणि तो डबा माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये. ८११-ए चं फिलामेंट थोरिएटेड टंगस्टनचं असतं, खड्ड्यातल्या एका दणक्यात तुटू शकतं. आपल्या रस्त्यांवर सदाशिव पेठ ते कोथरूड हा प्रवास म्हणजे कंपन-चाचणीच. कुरियरने मागवणार असाल तर ट्यूबा वेगळ्या पेटीत आल्याच पाहिजेत, हे आधी लिहून घ्या.

आता मूळ गोष्ट. तीन ट्यूबा समांतर, ग्रिड (ट्यूबमधली जाळी) जमिनीला जोडलेली, प्लेटवर (बाहेरच्या पत्र्यावर) लोड नसताना १६०० व्होल्ट, लोडवर साधारण १४५०. हीच ट्यूब चारच्या संख्येने कॉलिन्स कंपनीच्या ३०एल-१ या लिनिअरमध्ये असायची, त्यामुळे घराणं चांगलं. माझ्या रिगमधून (रेडिओ सेटमधून) ४५-५० वॅट दिले की बाहेर ३८० वॅट येतात. जनरल ग्रेडच्या परवान्यावर एचएफला (शॉर्टवेव्हला) मर्यादा ४०० वॅटची, म्हणजे पुढे जायचं कारणही नाही.

पण ३८० वॅट म्हणजे किती, हे घेण्याआधी मला कुणी तरी नीट सांगायला हवं होतं. १०० वॅटचे ४०० केले की समोरच्याच्या मीटरवर ६ डेसिबल वाढतात. म्हणजे बरोब्बर एक एस-युनिट (सिग्नलची ताकद मोजायच्या पट्टीवरची एक पायरी). सकाळी ७ मेगाहर्ट्झवर नागपूर, कोल्हापूर, बेंगळुरू करायला याची काडीची गरज नाही, १०० वॅटात निवांत होतं. फरक पडतो तो संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर युरोपची झुंबड असते तेव्हा. एरवी "अगेन, अगेन" ऐकून घसा बसायचा, आता दुसऱ्या हाकेला नंबर लागतो. तेवढ्यासाठी अठरा किलो घरात आणायचे का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी आणले. गणपतीत मात्र त्याचा शून्य उपयोग झाला. समोर मंडळाच्या एलईडी माळा, इकडे कायम एस-नऊचा खरखराट. मी सगळ्यांना ऐकू जातोय आणि मला कुणीच ऐकू येत नाही. लिनिअर तोंड देतं, कान देत नाही.

चालवायची पद्धत काकांनी दोन दिवस बसवून शिकवली. आधी डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टन्स). रिग १५ वॅटवर, प्लेट ट्यूनच्या कंडेन्सरने आउटपुट सर्वाधिक, मग लोडच्या कंडेन्सरने, मग परत ट्यून. मग ड्राइव्ह थोडा वाढवायचा आणि तेच पुन्हा. एका वेळी पाच-सहा सेकंदांच्या वर ट्रान्समिट करायचं नाही. नजर वॉटमीटरवर नाही, ग्रिडच्या मीटरवर. ग्रिड करंट चढतोय आणि प्लेट करंट मात्र त्या मानाने कमी, म्हणजे लोडचा कंडेन्सर जास्त मिटलेला आहे, उघडा. उलट ग्रिड एकदम पडलेला म्हणजे जास्त उघडला, थोडा मिटा. एवढं एक वाक्य डोक्यात बसलं तर तुमच्या ट्यूबा वर्षानुवर्षं टिकतील. मी पहिल्या आठवड्यात ते विसरलो, आणि मधल्या ट्यूबची प्लेट अंधारात छान केशरी दिसायला लागली. दिसायला सुंदर असतं ते, पण कौतुक करत बसू नये.

एफटी-८ (संगणकावरून संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) वाल्यांसाठी. प्लेट डिसिपेशन (प्लेटला सोसणारी उष्णता) एका ट्यूबला ६५ वॅट, तिघींचं १९५. १४५० व्होल्ट आणि ४४० मिलीअँपिअर म्हणजे आत ६३८ वॅट चालले, बाहेर ३८० आले. उरलेले अडीचशेच्या वर प्लेटांवर उष्णता होऊन बसले. बोलताना मध्ये श्वास, विराम असतात म्हणून हे खपतं. एफटी-८ मध्ये १५ सेकंदांच्या खिडकीत १२.६ सेकंद अखंड सूर असतो. तिथे मी १५० वॅटच्या वर जात नाही. बहुतेक वेळा लिनिअर बंदच.

आता बिघाड. तीन मोठे झाले, आणि एकाही वेळी दोष ट्यूबचा नव्हता. मी मात्र तिन्ही वेळा आधी ट्यूबेलाच शिव्या दिल्या.

पहिला उन्हाळ्यात. रोज रात्री आठनंतर आउटपुट ३८० वरून ३०० च्या खाली. एमिशन (ट्यूबची इलेक्ट्रॉन सोडायची ताकद) गेलं असं समजून नवीन ट्यूबांची चौकशी सुरू केली. काका फोनवर म्हणाले, "फिलामेंटचे व्होल्ट मोजलेस का रे?" नव्हते मोजले. सॉकेटच्या पायांवर मोजले तर ५.७. हवेत ६.३. भिंतीतला सप्लाय पाहिला तर २०८ व्होल्ट. आमच्या बिल्डिंगमधले सगळे एसी त्याच वेळी चालू होतात. त्यात भर म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी (सप्लायकडचं वेटोळं) २४० व्होल्टच्या टॅपवर (जोडणीवर) होतं, कारण पेठेत काकांकडे व्होल्टेज भरपूर असायचं. टॅप २३० वर घेतला, आणि लिनिअरसाठी मेन बोर्डापासून जाड वायरची स्वतंत्र लाइन ओढली. वायरमनने विचारलं, "गीझर बसवताय का?" हो म्हटलं. तेवढंच सोपं उत्तर होतं. एवढ्यावर भागलं. मात्र पहाटे व्होल्टेज २४५ ला चढतं तेव्हा फिलामेंटही वर जातं, म्हणून पॅनलवर पाचशे रुपयांचा एसी व्होल्टमीटर बसवलाय आणि तो बघितल्याशिवाय सुरू करत नाही.

दुसरा जुलैत, आणि यात मी सगळ्यात जास्त मूर्ख ठरलो. सकाळी रोज एस-नऊने येणारं नागपूरचं स्टेशन एके दिवशी एस-तीन. बँड खराब असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग अँटेना. धो धो पावसात गच्चीवर जाऊन डायपोल खाली घेतला, कनेक्टर कापून नवा सोल्डर केला, वर टेप गुंडाळली, भिजून चिंब होऊन खाली आलो. एस-तीन! बायकोने टॉवेल दिला आणि विचारलं, "अँटेनाच खराब आहे हे कुणी सांगितलं?" कुणीच नाही.

मग एक गंमत ध्यानात आली. एकदा पीटीटी (बोलायचं बटण) दाबून सोडलं की रिसेप्शन काही मिनिटं ठणठणीत व्हायचं आणि हळूहळू पुन्हा बसायचं. तिथे ट्यूब पेटली, म्हणजे डोक्यातली. रिसीव्हच्या वेळी अँटेनाचा सिग्नल लिनिअरच्या रिलेमधूनच रिगकडे येतो, आणि तो मायक्रोव्होल्टमध्ये असतो. रिलेच्या टोकांवर काळा थर चढला की एवढासा सिग्नल तो भेदू शकत नाही. रिले एकदा हलला की टोकं एकमेकांवर घासतात, थोडा वेळ संपर्क सुधारतो. खात्री करायला लिनिअरच बाजूला काढलं, दोन्ही कोअॅक्स (रिगकडची आणि अँटेनाची केबल) जॉइनरने थेट जोडल्या. नागपूर पुन्हा एस-नऊ. दोन मिनिटांची, विनाखर्चाची तपासणी. मी ती तीन दिवसांनी आणि एका सर्दीनंतर केली.

रिलेची टोकं साफ करायला पॉलिशपेपर घेऊ नका, चांदीचा मुलामा निघून जातो. व्हिजिटिंग कार्डाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली करायची, टोकांच्या मध्ये धरून रिले बोटाने हलकेच दाबायचा आणि पट्टी ओढून घ्यायची. माझ्या पट्टीवर काजळासारखी रेघ उमटली. तीन-चार वेळा केल्यावर स्वच्छ. तरी पुढच्या रविवारी तपकीर गल्लीत (पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जाऊन तसाच नवा रिले आणला, कारण एका टोकाला खड्डा पडला होता. तो का पडला? रिले बसायला १५-२० मिलिसेकंद घेतो, आणि माझी रिग त्याआधीच पॉवर सोडत होती. म्हणजे टोकं हवेत असतानाच ठिणगी. रिगच्या मेनूत ट्रान्समिट डिले असतो, तो ३० मिलिसेकंद केला. तेव्हापासून रिलेची तक्रार नाही. आणि हो, जुन्या लिनिअरची रिले कॉइल आधुनिक रिगला थेट जोडू नका, रिगच्या आतला नाजूक ट्रान्झिस्टर जातो. मध्ये एक बफर (तो भार स्वतःवर घेणारं छोटं सर्किट) घाला. मी पहिल्याच दिवशी घातला, यात अक्कल माझी नाही, काकांची.

तिसरा बिघाड घडायच्या आत सापडला. रिले बदलताना झाकण उघडलेलंच होतं, तर एचटीच्या (प्लेटला लागणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या) चार कंडेन्सरांपैकी तिसऱ्याचं डोकं किंचित फुगलेलं दिसलं. प्रत्येकी ४५० व्होल्टचे चार एकापुढे एक, १६०० व्होल्ट वाटून घ्यायला. म्हणजे वाट्याला ४०० आले पाहिजेत. वाटणी सारखी राहावी म्हणून प्रत्येकावर एक लाख ओहमचा रेझिस्टन्स असतो. एकेकाचं एक टोक सोडवून मोजलं: बाकीचे तीन ठीक, तिसऱ्या कंडेन्सरवरचा मात्र १ लाख ३२ हजार. वर्षानुवर्षं तापून किंमत चढलेली. हिशेब मांडा: बाकीच्या तिघांना ३७० च्या आसपास, आणि त्याला एकट्याला ४९०. बिचारा फुगणार नाही तर काय! चारही रेझिस्टन्स आणि चारही कंडेन्सर बदलले. एकच बदलून पैसे वाचवायचा मोह झाला होता, पण बाकीचेही त्याच वयाचे.

हेच रेझिस्टन्स बंद केल्यावर कंडेन्सर रिकामे करायचंही काम करतात. त्यातला एखादा तुटला तर स्विच बंद, प्लग काढलेला, आणि आत तरीही माणूस मारण्याइतकी वीज शिल्लक. इथे विनोद नाही. प्लग काढून पाच मिनिटं थांबायचं, एचटी मीटरवर शून्य दिसलं तरी विश्वास ठेवायचा नाही. काकांनी लिनिअरसोबत एक काठी दिलीय: पीव्हीसी पाइप, टोकाला पितळी हुक, मागे वायरवाउंड रेझिस्टन्स आणि चासीला लावायचा क्लिप. आधी क्लिप, मग हुक एचटीला, मग रेझिस्टन्स वगळून थेट, आणि काम संपेपर्यंत हुक तिथेच लटकता. "आणि दुसरा हात खिशात," हे त्यांचं पालुपद. साधा मल्टिमीटर १००० व्होल्टपर्यंतचा असतो, १६०० मोजायला तो लावू नका. झाकण उघडं ठेवून चालू लिनिअरमध्ये डोकावणारे मी पाहिलेत. त्यांच्या शौर्याला लांबूनच नमस्कार.

शेजाऱ्यांबद्दल थोडं. पहिल्या महिन्यात मी सीक्यू ("कुणी आहे का" अशी हाक) दिला की जिन्यातला एलईडी दिवा माझ्या बोलण्याच्या लयीत लुकलुकायचा आणि खालच्या काकूंच्या डोअरफोनमधून मी बदकासारखा बोलायचो. काकू थेट सेक्रेटरींकडे गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या, हे नशीब. लो-पास फिल्टर लावून पाहिला, उपयोग शून्य, कारण तो हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) अडवतो. इथे माझा मूळ सिग्नलच त्यांच्या वायरीत घुसत होता. अँटेनाच्या फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) फेराइटच्या कड्यावर कोअॅक्सचे अकरा वेढे घेतले, डोअरफोनच्या वायरीवर एक फेराइट अडकवला. आवाज गेला. दिवा सोसायटीला मीच बरा घेऊन दिला. काकू आता विचारतात, "आज कुठे लागला होता रे?"

पावसाळ्यात ट्यून कंडेन्सरच्या पात्यांमध्ये चट् चट् ठिणग्या उडायच्या. धूळ आणि ओल, दुसरं काही नाही. मऊ ब्रशने धूळ काढली आणि दमट दिवसांत आधी अर्धा तास नुसतं फिलामेंट चालू ठेवतो. तिघींचे मिळून ७६ वॅट, डबा आतून कोरडा होतो. पंख्यात दुचाक्यांच्या धुराचा काळा मेणचट थर बसतो, दोन महिन्यांनी पुसावा लागतो. पंखा आवाज करतो. करू दे.

एक तक्रार अजून बाकी आहे. २८ मेगाहर्ट्झवर २२० वॅटच्या वर जात नाही. तिथे आतल्या स्ट्रे कपॅसिटन्सनेच (वायरी आणि सुट्या भागांमुळे आपोआप तयार होणाऱ्या कपॅसिटन्सने) इतकी जागा खाल्लीय की ट्यूनचा कंडेन्सर जवळजवळ पूर्ण उघडा ठेवावा लागतो, आणि बँड स्विचचं एक टोक थोडं काळपटही दिसतं. दोन्हींतलं खरं कारण कोणतं ते दिवाळीच्या सुट्टीत काठी लावून, झाकण काढून बघणार. तोवर त्या बँडवर लिनिअर बायपासमध्ये आणि रिग १०० वॅटवर.