ब्लूटूथ, वायफाय की झिगबी? आधी भिंत मोजा

फोंड्याकडच्या आमच्या जुन्या घराच्या भिंती चिऱ्यांच्या, दीड फूट जाड. ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यावर '१० मीटर' लिहिलं होतं आणि राजांगणात ते खरंही ठरलं. मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेलो, मधे दोन भिंती आल्या, नि अभंग अडखळायला लागला. खोक्यावरचं अंतर मोकळ्या जागेतलं असतं. त्यात चिरा सच्छिद्र. पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो, आणि ब्लूटूथ, वायफाय नि झिगबी (दिवे, प्लग, सेन्सर बिनतारी जोडणारी कमी विजेची पद्धत) या तिघांच्याही २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात मुरतात.

ब्लूटूथला ना राऊटर लागतो ना इंटरनेट. जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं, म्हणून शेजारचं वायफाय किंवा मायक्रोवेव्ह त्याला फारसं अडवू शकत नाही. हेडफोन, स्पीकर, घड्याळ यांसाठी दुसरं काही शोधूच नका. ब्लूटूथचा दिवा मात्र मला पटत नाही. तो लावायला त्याच्या जवळ जायचं, तर भिंतीवरचं बटण काय वाईट?

कॅमेरा आणि टीव्हीला वायफायच हवं. पणजी-मडगावच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तीन-चार दिवे, प्लगही वायफायवर सुखाने चालतील. वेगळा हब, म्हणजे सगळ्या उपकरणांना जोडणारी मधली पेटी, घ्यावा लागत नाही. फक्त स्वस्त दिवे बहुधा २.४ वरच बोलतात. फोन ५ गिगाहर्ट्झवर असला तर पहिली जोडणी करताना डोकं उठतं. वायफाय वीजही खातं, त्यामुळे सेलवरच्या सेन्सरला ते परवडत नाही. शिवाय वीज गेली की राऊटर झोपतो, आणि ती पावसात किती वेळा जाते हे गोंयकाराला सांगायला नको. वायफाय घ्यायचं तर राऊटरसाठी छोटा यूपीएस हिशेबात धरा.

मोठ्या, जुन्या घराला माझं मत झिगबीला. वेग सेकंदाला जेमतेम २५० किलोबिट, गाणं त्यावर वाजणार नाही. पण 'लाव', 'बंद कर' एवढ्या निरोपाला तो भरपूर. विजेवर चालणारा प्रत्येक झिगबी प्लग निरोप पुढच्याला देतो. ओसरीतला माजघराला, माजघरातला न्हाणीघराला. भिंत कितीही जाड असो, एका वेळी एकच ओलांडायची. दाराचा सेन्सर स्वतः निरोप पोचवत नाही, बराच वेळ निजलेला असतो, म्हणून चपट्या सेलवर वर्षभर सहज टिकतो. हब मात्र वेगळा घ्यावा लागतो, त्यामुळे एका दिव्यासाठी हा खटाटोप करू नका. इंटरनेट नसतानाही घरातल्या घरात चालणारा हब निवडा, नि तो राऊटरला चिकटवून ठेवू नका. दोघे एकमेकांच्या बोलण्यात बोलतात.

कुळागरातल्या पंपाला यातलं एकही नको. ओल्या माडा-पोफळींतून २.४ चा निरोप तिथवर पोचण्याचा भरवसा नाही. त्याला मोबाईलच्या सिमवर चालणारा स्टार्टर बघा, आणि तोही पंपापाशी उभं राहून फोनला रेंज येते का ते पाहूनच.