पुस्तिकेतलं पाणी निम्म्याहून कमी करा, मग हा संच चालतो

मी गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात काम करतो. गरम द्रावण थंड करायचं, खडे पाडायचे, गाळायचे, धुवायचे, सुकवायचे, पाळी संपली की घरी. त्यामुळे सातवीतल्या मुलीसाठी ‘मिश्रणातले पदार्थ वेगळे करा’ असा संच ऑनलाइन मागवला तेव्हा बायको म्हणाली, "आता ड्युटी घरीच आणलीत म्हणायची."

किंमत 649 रुपये. डिचोलीत चार दिवसांत पोचला. कंपनीचं नाव घालत नाही, कारण मोठी तक्रार एका पानापुरतीच आहे. खोक्यात तुरटी आणि मीठ मिसळलेल्या 40 ग्रॅमच्या दोन पुड्या (30 ग्रॅम तुरटी, 10 ग्रॅम मीठ, तसं वर छापलंय), वाळू आणि लोखंडाच्या किसाची एक पुडी, चुंबक, नरसाळं, गाळण कागद, थर्मामीटर, भिंग आणि प्लॅस्टिकचा एक मापाचा पेला. वाळू-लोखंडाचा प्रयोग पाच मिनिटांत आटपला. चुंबकाला आधीच कागद गुंडाळा, नाहीतर तो कीस चुंबकावरून खरवडत बसाल. पेला मात्र टाकाऊ. कढत पाणी ओतल्याबरोबर वाकडा झाला आणि मापाच्या रेघांना काही अर्थच उरला नाही. आम्ही स्टीलचा टोप आणि काचेचा जॅमचा डबा घेतला.

आता ते पान. पुस्तिका म्हणते, 200 मिली गरम पाण्यात एक पुडी विरघळवा, खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवा, सकाळी तुरटीचे खडे मिळतील. आम्ही ठेवलं. सकाळी डब्यात स्वच्छ पाणी, तळाला कणसुद्धा नाही. पोरगी म्हणाली, "बाबा, तुमच्या कंपनीत पण असंच होतं का?" हे मला चांगलंच लागलं.

मग वहीत हिशेब मांडला. 100 मिली पाण्यात 20 अंशांना तुरटी साधारण 11 ते 14 ग्रॅम विरघळते, 30 अंशांना 16-17 ग्रॅम, 50 अंशांना 36 ग्रॅम आणि 60 अंशांना 50 च्याही वर. पुस्तिकेतली खोली 20 अंशांची असावी. आमची मे महिन्यातली खोली पंखा लावूनही 31 अंश. म्हणजे 200 मिली पाणी तेहेतीसेक ग्रॅम तुरटी आरामात पोटात ठेवणार आणि पुडीत तुरटी आहेच मुळी 30 ग्रॅम. खडे पडणार कुठून? 20 अंशांची खोली असती तरी चिमूटभरच मिळाले असते.

द्रावण फेकलं नाही. टोपात उकळून 80 मिलीपर्यंत आटवलं. आता ते गार झालं की तुरटी बाहेर यायलाच हवी, पण मीठ येणार नाही. ही गंमत मुलीला वहीतल्या दुसऱ्या ओळीवरून पटली: मीठ 100 मिलीत गार पाण्यात 36 ग्रॅम, उकळत्या पाण्यात 39. एवढाच फरक. 80 मिलीत 10 ग्रॅम मीठ म्हणजे काहीच नाही, फ्रीजमध्ये ठेवलं तरी ते पाण्यातच राहणार.

पण आमच्या लेकबाईसाहेबांना धीर कुठला. टोप सरळ बर्फाच्या पाण्यात ठेवला. झरझर पांढरं पडलं खरं, पण पिठीसाखरेसारखं बारीक. आमच्याकडे असं झालं की सुपरवायझरचं तोंड उतरतं, कारण बारीक खड्यांच्या मध्ये खारं पाणी अडकून बसतं आणि मग धुणं वाढतं. धुतलंही तिनेच, बेसिनच्या नळाखाली. दुपारी तीनची वेळ, गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहा करता येईल इतकं तापलेलं. नरसाळ्यातला ढीग डोळ्यांदेखत विरघळत खाली बसला. कागदावर राहिली ती चमचाभर तुरटी.

दुसऱ्या पुडीला 80 मिली पाणी, 60 अंश, सगळं विरघळल्यावर गाळून डबा टॉवेलात गुंडाळून कोपऱ्यात. रात्री दहाला पहिला खडा दिसला, तांदळाच्या कणीएवढा, तिरका आडवा पडलेला. सकाळी तळ भरला होता. नंतर चार तास फ्रीजमध्ये, मग गाळून बर्फाच्या पाण्याचे दोनच चमचे वरून. सुकवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर 21 ग्रॅम भरले. भिंगातून आठ बाजूंचे खडे अगदी नीट दिसतात. भिंग चांगलं दिलंय, तेवढं कबूल.

पुस्तिका पुढे सांगते की उरलेलं पाणी आटवलं की ‘शुद्ध मीठ’ मिळतं. नाही मिळत. त्या पाण्यात पाच-सहा ग्रॅम तुरटी राहिलेलीच असते, फ्रीजमधल्या गारव्यालाही ती सगळी सोडत नाही. ते मीठ जेवणात जाता कामा नये, आणि हे छापलेलं कुठेच नाही.

आईचं माहेर पेडण्याचं, आगरवाड्याच्या अलीकडचं. ती हे सगळं आरामखुर्चीतून बघत होती. "मीठ थंड करून कोण काढतं रे? मिठाच्या आगरात ऊन लागतं." बरोबर आहे तिचं. मीठ गार पाण्यातही जवळजवळ तेवढंच विरघळतं, म्हणून पाणीच उडवून लावावं लागतं. पावसाळा संपला की बांध नीट करायचे, खारं पाणी घ्यायचं आणि उन्हाळाभर आटवायचं. तुरटीला थंडी हवी, मिठाला ऊन. आईने पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, घेतलेलं जाड मीठ जुलैत ओलं का होतं, तेही मुलीने विचारलं. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं.

5 पैकी 3 देतो. एक पेल्याचा कापला, एक त्या पानाचा. कंपनीला मेल केली आहे, ‘पाणी 200 नव्हे, 80’ एवढंच लिहून. सामान संपलं की दुसरा संच घेऊ नका, भुसाऱ्याकडे तुरटी स्वस्तात मिळते आणि मीठ घरात असतंच.

सध्या एक चांगला खडा दोऱ्याला बांधून आणखी तुरटी विरघळणार नाही अशा तुरटीच्या गार पाण्यात टांगलाय. फ्रीजमध्ये सोलकढीच्या शेजारी. काल बायकोने त्यावर पट्टी चिकटवली: ‘पिऊ नये. बाबांचं आहे.’