पैसे देऊन सिबिल दुरुस्ती: काही महिन्यांनंतरचा हिशेब (आधी तक्रार क्रमांक मागा)

क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरचे गुण) ३०० ते ९०० असतो, सिबिल ही कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चार क्रेडिट कंपन्यांपैकी एक आणि बाकीच्या एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, हे सगळ्यांना ठाऊक आहे. थेट पैशांवर येतो.

अहवालातली चूक दुरुस्त करून देणारी ही सेवा पुण्यातलीच, डेक्कनच्या बाजूची. नाव लिहीत नाही. शुल्क ₹६,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ₹७,०८०, निम्मे आगाऊ. प्रकरण नेहमीचंच: बंद केलेल्या क्रेडिट कार्डावर नंतर ₹५०० वार्षिक फी पडली, कर धरून ₹५९०, आणि बँक ती थकबाकी म्हणून कळवत राहिली. शेवटी नोंद दुरुस्त झाली, हे मान्य. पण जी तक्रार सिबिलच्या साइटवर स्वतःच्या लॉगिनमधून फुकट नोंदवता येते, तिचे सात हजार.

त्याहून जास्त चीड तक्रार क्रमांकाची. मागितला की उत्तर एकच, 'प्रोसेस चालू आहे सर'. हा क्रमांक म्हणजे या व्यवहारातला एकमेव खरा माल. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹१०० भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. बँकेने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही तर भुर्दंड बँकेला; बँकेने वेळेत पाठवूनही क्रेडिट कंपनीने ३० दिवसांत नोंद बदलली नाही, तर तिला. क्रमांक आणि तारीख हातात नसेल तर हे दिवस मोजणार कशावरून? एजंट दर महिन्याला जुनी तक्रार सोडून नवी टाकत असेल, तर 'काम चालू' दिसतं आणि मोजणी परत पहिल्या दिवसावर येते. म्हणून क्रमांक न देणाऱ्याला, तो कितीही गोड बोलो, आगाऊ पैसे देऊ नका.

इथे एक तारा देऊन थांबणार होतो. पण एक काम या लोकांनी नीट केलं, म्हणून दोन. त्यांनी चारही कंपन्यांचे अहवाल शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. कार्ड दोन ठिकाणी 'क्लोज्ड' होतं, तिसरीकडे थकीत, चौथीकडे 'रिटन ऑफ' (बँकेने बुडीत धरलेलं). नुसतं सिबिल पाहणाऱ्याला हे कळलंच नसतं, आणि गृहकर्ज देणारा नेमका चौथा अहवाल काढतो. अर्थात चौघींकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो (२०१७ पासून), त्यामुळे हे घरी बसूनही होतं. स्कोअर बाजूला ठेवा. खात्याची स्थिती, थकीत रक्कम आणि ३६ महिन्यांचा 'डीपीडी' (हप्ता किती दिवस थकला) तक्ता वाचा. शून्य किंवा 'एसटीडी' (स्टँडर्ड) असेल तर ठीक, ३०, ६०, ९० दिसलं तर तिथे बोट ठेवा.

तक्रार टाकली की बहुतेक लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतं. क्रेडिट कंपनी आपल्या मनाने काही बदलत नाही, ती बँकेला विचारते. बँक 'माहिती बरोबर आहे' म्हणाली की तक्रार फेटाळली जाते. मुदतीत नकार आला तर ₹१०० चा प्रश्नच उरत नाही. म्हणून त्याच दिवशी बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारी पाहणाऱ्या) वेगळा ईमेल करा: खातं बंद केल्याचं पत्र किंवा एनओसी (बाकी नसल्याचा दाखला), शेवटचं स्टेटमेंट, तक्रार क्रमांक. नकाराचं कारण सांगणं बँकेला बंधनकारक आहे. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे. तिथेही शुल्क नाही. क्रेडिट कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून लोकपाल योजनेत आहेत.

तरी कुणाला वेळ नसेल आणि सेवा घ्यायचीच असेल, तर लॉगिन तुमच्याच मोबाइल आणि ईमेलवर हवं. ओटीपी फोनवर सांगायला लावणारा, स्क्रीन शेअरचं अ‍ॅप टाकायला सांगणारा किंवा 'बँकेत आपला माणूस आहे' म्हणणारा तिथेच बाद. '३० दिवसांत ७५० ची हमी' म्हणणारा तर आधी बाद, कारण खरोखर थकवलेला हप्ता कुणालाही पुसता येत नाही. 'सेटल्ड' (कमी रकमेत तडजोड) शेरा हवा तसा बदलून देतो म्हणणाऱ्यांपासून विशेष जपा. तो बदलायचा रस्ता एकच: सोडून दिलेली बाकी बँकेला भरा, एनओसी घ्या आणि बँकेकडून 'क्लोज्ड' कळवून घ्या. एजंटने बनवलेली एनओसी बँकेच्या रेकॉर्डशी जुळत नाही, आणि बनावट कागदावर नाव कर्जदाराचं असतं. पैसे यूपीआयने कुणाच्या वैयक्तिक खात्यात मागितले तर नको; पावतीवरचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर तपासायला मिनिटभर लागतो. ओटीपी गेलाच असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन.

ताजी भर: आता त्या पुण्याच्या सेवेचं वर्षभराच्या 'मॉनिटरिंग'चं पॅकेज आलंय, अहवाल कुणी पाहिला की कळवणार म्हणे. मोबाइल आणि ईमेल नोंदवलेला असेल तर ती सूचना क्रेडिट कंपनीने स्वतःच पाठवायची असते, फुकट. पॅकेज घेतलेलं नाही.