मॅन्युएल की आयझॅक? झिजलेल्या ट्रॅकीचा मालक ठरवताना

वाटीसारखं वाकलेलं, काळपट, साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढं. आतल्या बाजूला एक उभा माणूस, अक्षरं जवळजवळ गेलेली. असं बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्व रोमन साम्राज्याचं, नाणं हाती आलं तर ते बहुधा बाराव्या शतकातलं ट्रॅकी असतं : तांब्यात चिमूटभर चांदी. उमेदवार पुष्कळ, पण घोटाळा सर्वांत जास्त दोन सम्राटांत होतो : मॅन्युएल पहिला कॉम्नेनॉस (११४३-११८०) आणि आयझॅक दुसरा अँजेलॉस (११८५-११९५).

शिवराई जमवणारा आधी अक्षरं शोधतो. 'छत्र'मधला अर्धा 'छ' दिसला तरी त्याचं काम होतं. इथे ती सवय नडते. ही वाकडी नाणी बऱ्याचदा ठसा कलता धरून दोन घावांत पाडलेली. त्यामुळे कडेची अक्षरं एकतर उमटतच नाहीत, नाहीतर दुहेरी उमटतात. आपण ज्याला झीज म्हणतो, ते कित्येकदा टाकसाळीतच राहून गेलेलं असतं.

फुगीर बाजूवर वेळ घालवू नका. ती आधी झिजते, आणि दोघांच्याही ज्या प्रकारांत घोटाळा होतो, त्यांत तिथे सिंहासनावर बसलेली मेरीच असते. सगळा निकाल खोलगट बाजूला. टेबललॅम्प आडवा करून उजेड तिरका पाडा आणि राजाचा चेहरा सोडून त्याचे हात बघा.

तुमच्या डावीकडच्या हातात दोघांच्याही दांडाच असतो. त्याच्या टोकाला चौकोनी निशाण असेल तर मॅन्युएल, साधा क्रूस असेल तर आयझॅक. टोक गेलं असेल (बहुतेक वेळा जातंच), तर दुसरा हात. मॅन्युएलच्या हातात गोल, त्यावर दोन आडव्या पट्ट्यांचा क्रूस. आयझॅकच्या हातात आखूड गुंडाळी, अकाकिया. धूळ भरलेली रेशमी गुंडाळी ती, सम्राटालाही मरण आहे हे सांगणारी. झिजल्यावर गोलाचा फुगवटा उरतो, गुंडाळीची नुसती आडवी रेघ. वर उजव्या कोपऱ्यात ढगातून आल्यासारखा देवाचा हात दिसला, तर आयझॅकचं पारडं आणखी जड.

दोन माणसं दिसली तर अलेक्सिऑस तिसरा (११९५-१२०३) आणि संत कॉन्स्टंटाईन असू शकतात. पण मागच्या बाजूला बिनदाढीचा ख्रिस्त आहे का ते आधी बघा. दुहेरी घावाने एकाच राजाचे दोन झालेले मी पाहिलेत, आणि एकदा त्याच भ्रमात पैसेही मोजलेत.

आता खरी अडचण. या तिन्ही राजांच्या नाण्यांच्या नकला निघाल्या. बायझंटाईन नाण्यांचे अभ्यासक मायकेल हेंडी यांनी १९६९ मध्ये त्या बल्गेरियाच्या मानल्या. नकला सहसा हलक्या आणि लहान. पण अस्सल नाण्यांच्याही कडा कापून घेत असत, म्हणून काट्यावरचं वजन एकटं काही सिद्ध करत नाही. कड गोलसर कातरलेली आहे का, राजाचे पाय त्यात गेलेत का, हे तपासा. वजन कमी असूनही चित्र पूर्ण बसलं असेल, तर मी नक्कल धरतो.

विकत घेत असाल तर दोन्ही हात ओळखू येतात त्याच नाण्याला नावाचे पैसे द्या. एकच हात दिसत असेल तर पाकिटावर 'आयझॅकच्या धर्तीचं' एवढंच लिहा, आणि भावही तेवढाच.