'एच-इंडेक्स वाढवून देतो' म्हणणाऱ्यांच्या जाळ्यात अडकू नका

पेपर छापून आला की थोड्याच दिवसांत मेल येतो: "आपलं संशोधन मोलाचं आहे, पण एच-इंडेक्स अवघा ६ आहे. तीन महिन्यांत ९ करून देऊ." एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाच्या पेपरांचा इतरांनी किती संदर्भ दिला, यावरून काढलेला आकडा. मेलमधला आकडा बरोबर असतो, कारण गूगल स्कॉलर या संशोधन-लेखांच्या शोधयंत्रावर तो कुणालाही दिसतो. बढतीचा किंवा अनुदानाचा अर्ज तोंडावर आलेला डॉक्टर इथेच अडकतो. पैसे भरतो, आकडाही वाढतो. फसवणूक कळते ती फार उशिरा.

हे इतकं सोपं का, ते आधी बघा. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप मांडलं. एच-इंडेक्स ६ म्हणजे सहा पेपरना प्रत्येकी किमान सहा सायटेशन, म्हणजे इतर लेखांनी दिलेले संदर्भ. समजा, एखाद्याच्या नऊ पेपरची सायटेशन १४, ११, ९, ८, ७, ६, ४, ३, २ अशी आहेत. ६ चे ९ करायला खालच्या सहा पेपरना मिळून फक्त २४ सायटेशन लागतात. हे पेपर एकत्रच संदर्भयादीत घुसडले, तर सात बनावट लेखांत काम होतं. दलाल नेमकं हेच करतो. वरच्या तीन पेपरना तो हातही लावत नाही.

गूगल स्कॉलर इंटरनेटवरच्या पीडीएफ आपोआप गोळा करतो, माणूस तपासत बसत नाही. सिरिल लाबे या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने २०१० मध्ये संगणकाने रचलेले निरर्थक लेख टाकून आइक अँटकारे नावाचा, मुळात नसलेलाच शास्त्रज्ञ उभा केला आणि त्याचा एच-इंडेक्स ९४ वर नेऊन दाखवला.

विकतची सायटेशन ओळखायची तर संख्या बघू नका, सायटेशन देणारा लेख उघडा. मधुमेहातल्या किडनीविकारावरचा पेपर, आणि त्याचा संदर्भ देणारा लेख जमिनीतली ओल मोजणाऱ्या सेन्सरवर. मजकुरात एकच गुळमुळीत वाक्य, 'या क्षेत्रात अलीकडे बरंच काम झालं आहे', आणि त्यापुढे कंसात २३ ते ३१ असे संदर्भ एका दमात. त्या नवांपैकी सहा एकाच माणसाचे. असे चार-पाच लेख त्याच दोन-तीन जर्नलमध्ये, त्याच काही महिन्यांत सापडले, तर अपघात म्हणता येत नाही.

दुसरा सापळा इम्पॅक्ट फॅक्टरचा, म्हणजे जर्नलचं वजन सांगणाऱ्या आकड्याचा. खरा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दर वर्षी जाहीर करते: जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. २०२३ पासून तो एकाच दशांश स्थळापर्यंत छापतात. त्यानंतरच्या वर्षाचं, तीन दशांश स्थळांचं, सोनेरी शिक्क्याचं 'प्रमाणपत्र' कुणी दाखवलं तर तिथेच थांबा. आयएसएसएन आहे म्हणून जर्नल चांगलं, हेही खरं नाही. तो फक्त ओळख क्रमांक आहे. पबमेड हे वैद्यकीय लेखांचं शोधयंत्र; 'पबमेडमध्ये आहे' या दाव्याने तर वैद्यकीय संशोधक हमखास फसतात. पबमेडमध्ये एखादा सुटा लेख येणं वेगळं आणि जर्नल तपासून मेडलाइन या त्यातल्या निवडक सूचीत घेतलं जाणं वेगळं. जर्नलचं नाव एनएलएम (अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय) कॅटलॉगमध्ये टाकलं की मिनिटभरात खुलासा होतो.

सहलेखकाची जागा विकणं याहून घातक, कारण तिथे रुग्णांच्या नावावर बनावट आकडे असू शकतात. पाच देशांतले पाच लेखक, ज्यांनी आधी कधीच एकत्र लिहिलेलं नाही. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक नाही. नावाशी न जुळणारे ईमेल. आणि पीअर रिव्ह्यूनंतर, म्हणजे इतर तज्ज्ञांनी लेख तपासल्यावर, अचानक वाढलेली दोन नावं. यातली एक गोष्ट एकटी दिसली तर संशय घेऊ नये. सगळ्या एकत्र दिसल्या तर मूळ डेटा मागावा. खऱ्या सहलेखकाला रुग्ण कसे निवडले हे सांगता येतं.

पुढे होतं असं की बनावट लेख उघडे पडतात. हिंदावी या प्रकाशनसंस्थेची ८,००० हून जास्त प्रकाशनं २०२३ मध्ये मागे घेतली गेली. अशा वेळी नाव रिट्रॅक्शनच्या (मागे घेतलेल्या लेखांच्या) नोंदीत राहतं, आणि दाद मागायची तर आपण काय विकत घेतलं हेच आधी कबूल करावं लागतं.

मूल्यमापन समितीत असाल तर एका आकड्यावर विसंबू नका. वैद्यकीय पेपरसाठी आयसाइट या संकेतस्थळावर रिलेटिव्ह सायटेशन रेशो, म्हणजे त्याच क्षेत्रातल्या पेपरांच्या तुलनेतला सायटेशनचा आकडा, फुकट मिळतो; १.० म्हणजे अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या निधीतून झालेल्या पेपरांचा मध्यक. हाही फुगवता येतो, म्हणून अर्जदाराला त्याचे सर्वोत्तम तीन पेपर निवडायला सांगा, ते वाचा, आणि त्यांना सायटेशन देणारे दहा लेख उघडा. त्याने स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वेगळी काढून बघा.

पैसे आधीच दिले असतील तर पुढचा हप्ता देऊ नका. सगळे मेल आणि पावत्या जपून ठेवा. आपण न लिहिलेले पेपर गूगल स्कॉलर आणि ऑर्किड (संशोधकांचा ओळख क्रमांक देणारी सेवा) यांवरच्या प्रोफाइलमधून काढा. विकत घेतलेल्या जागेवर नाव छापलं असेल, तर दुसऱ्या कुणी शोधण्याआधी जर्नलच्या संपादकांना आणि आपल्या संस्थेला स्वतःहून लेखी कळवा.