पार्ल्यातील आमच्या भूखंडाची मोजणी: एका सर्वेक्षण कचेरीच्या कामाविषयी

विलेपार्ले पूर्वेला आमची जुनी, चार मजल्यांची गृहनिर्माण संस्था आहे आणि गेल्या वर्षी तिच्या पुनर्विकासाची तयारी सुरू झाली. विकासकांकडून निविदा मागवण्याआधी संस्थेने स्वतःच्या खर्चाने भूखंडाचे सर्वेक्षण करून घ्यावे, असा आग्रह मी सचिव या नात्याने सभेत धरला. ‘ते काम विकासक करणारच आहे, मग आपण पैसे कशाला घालायचे?’ असे बऱ्याच सभासदांचे म्हणणे होते. ४५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एवढा खर्च शेवटी मंजूर झाला आणि उपनगरातल्याच एका लहान कचेरीला काम दिले. पुनर्विकासाची प्रक्रिया अजून चालू असल्यामुळे कोणाचेही नाव न घेता लिहितो आहे. पण अशा कामात काय पाहावे आणि काय मागावे, हे पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या संस्थांना कळावे असे मनापासून वाटते.

आमच्याकडे चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सर्वेक्षकाने केलेला नकाशा होता. खरेदीखतात क्षेत्र १,४२० चौरस वार आहे, मिळकत पत्रिकेवर तेच ११८७.३ चौरस मीटर असे नोंदलेले आहे, आणि त्या नकाशावरही क्षेत्र ११८७.३ चौरस मीटरच दाखवले होते. त्या वेळी या जुळणीचे आम्हाला समाधान वाटले होते. नव्या सर्वेक्षकांनी मात्र तो नकाशा पाहिल्याबरोबर विचारले, “काका, प्रत्यक्ष मोजलेल्या जागेचा आकडा दशांशापर्यंत कागदाशी जुळतो, असे कधी होते का?” त्यांनी तो नकाशा बाजूला ठेवला आणि पहिल्या दिवसापासून मोजणी नव्याने केली. कागदावरचे क्षेत्र घेऊन भिंती त्यात बसवून काढलेल्या त्या नकाशासाठी आम्ही पैसे मोजले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रत्यक्ष काम तीन दिवस चालले. भूखंडाभोवती आणि गल्लीत मिळून सात स्थानके ठरवली गेली. प्रत्येक ठिकाणी फरशीत वॉशरसह खिळा ठोकून भोवती लाल रंगाने क्रमांक लिहिला. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारे यंत्र, एकेका खिळ्यावर उभे करायचे, मागच्या आणि पुढच्या स्थानकावरच्या प्रिझमचा (यंत्राचा किरण परतवणाऱ्या काचेचा) वेध घ्यायचा, आणि असे करत पुन्हा पहिल्या खिळ्यावर यायचे. सात बाजूंच्या बंद आकृतीच्या आतल्या कोनांची बेरीज ९०० अंश यायला हवी. आमची बेरीज काही सेकंदांनी (सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) कमी आली, तेव्हा तो फरक त्यांनी मला बोलावून यंत्राच्या पडद्यावर दाखवला, तो मर्यादेत का आहे हे समजावले आणि मगच तपशिलाच्या मोजणीला हात घातला. भिंतींचे कोपरे, गटाराची झाकणे, विजेचा खांब, पाण्याची टाकी, फणस आणि दोन आंब्यांसह सगळी झाडे खोडाच्या घेरासकट त्यांनी टिपली.

या मोजणीतून आमच्या ताब्यातले क्षेत्र ११५१.६ चौरस मीटर निघाले, म्हणजे मिळकत पत्रिकेपेक्षा ३५.७ चौरस मीटर कमी. चौरस फुटांत ते ३८४ होते आणि त्याला चटई क्षेत्र निर्देशांकाने (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते त्या आकड्याने) गुणले की पुढच्या वाटाघाटीत त्याचे वजन किती, हे सभासदांना वेगळे सांगावे लागले नाही. सर्वेक्षक नुसता आकडा सांगून थांबले नाहीत, तूट कुठे आहे हेही त्यांनी दाखवले. १०.३ चौरस मीटर गल्लीच्या कोपऱ्यावर गेले होते, कारण वळणासाठी तो कोपरा पूर्वीच गोल केला गेला, पण मिळकत पत्रिकेवर तशी नोंद कधी झाली नाही. उरलेले २५.४ चौरस मीटर पूर्वेच्या भिंतीलगत होते. ४१ मीटर लांबीची ती भिंत असायला हवी त्यापेक्षा सरासरी ६२ सेंटीमीटर आत होती.

असे का, याचा उलगडा आमच्या ऐंशी ओलांडलेल्या एका सभासदांनी केला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या रात्री आमची पूर्वेची भिंत पडली. नंतर ठेकेदाराने जुना दगडी पाया उकरण्याचा त्रास टाळून त्याच्या आतल्या बाजूने नवी भिंत उभी केली, असे त्यांना आठवत होते. सर्वेक्षकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि शेजारच्या संस्थेच्या परवानगीने, त्यांच्या सचिवांसमोरच, भिंतीपलीकडे तीन ठिकाणी फूटभर माती काढायला लावली. तिन्ही ठिकाणी काळ्या दगडाचा पाया लागला. चुन्याच्या दरजा अजून शाबूत होत्या. त्या दगडांच्या बाहेरच्या कडेवर प्रिझमचा दांडा धरून त्यांनी वेध घेतले. आमच्या काही सभासदांचा आग्रह होता की आता हद्द त्या पायावरूनच दाखवा. त्याला त्यांनी स्पष्ट नकार दिला. नकाशावर आजची भिंत अखंड रेषेने आणि जुना पाया तुटक रेषेने दाखवला, आणि खासगी सर्वेक्षकाला हद्द ठरवण्याचा अधिकार नसल्यामुळे नगर भूमापन कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा, असे लेखी कळवले. आम्हाला हवी तशी रेषा ओढून देणारा माणूस सहज मिळाला असता. या एका नकारासाठी मी त्यांच्या कामाला सर्वांत वरचे गुण देईन.

पातळ्यांचा भाग सभासदांना सर्वांत रुक्ष वाटला, पण पार्ल्यासारख्या ठिकाणी तो निर्णायक आहे. जुन्या नकाशात फाटकाजवळची पातळी १००.००० अशी गृहीत धरून बाकीच्या पातळ्या काढल्या होत्या. स्वतःच्या आवारापुरते ते चालते, बाहेरच्या कोणत्याही परवानगीसाठी त्याचा उपयोग नाही. पावसाळी गटारांच्या कामासाठी महानगरपालिकेकडे पातळ्या टाऊन हॉल डेटमवर, म्हणजे त्या नावाच्या ठरावीक शून्य पातळीपासून मोजलेल्या, चालतात. फोर्टमधल्या टाऊन हॉलवरून नाव पडलेल्या या प्रणालीचा शून्य समुद्रसपाटीच्या बराच खाली आहे. याउलट विमानतळ जवळ असल्यामुळे इमारतीच्या उंचीसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि तिथे जागेची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून, तर अक्षांश-रेखांश जीपीएस वापरते त्या डब्ल्यूजीएस-८४ प्रणालीत द्यावे लागतात. मंजुरी मिळते ती इमारतीच्या माथ्याच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीला. त्यातून जमिनीची उंची वजा केली की आपली इमारत किती उंच होईल ते कळते. म्हणजे जमीन कागदावर दीड मीटर जास्त उंच दाखवली गेली, तर तेवढी इमारत हातची जाते.

यासाठी त्यांनी आमच्या गच्चीवर डीजीपीएसचा (उपग्रहांवरून अचूक स्थान काढणाऱ्या यंत्राचा) अँटेना काही तास लावून ठेवला, कारण गल्लीत दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे आकाश पुरेसे मोकळे नाही. पडद्यावरची उंची उणे पाहून मी गोंधळलो. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे, त्यामुळे मुंबईत ती उणेच येते, हे त्यांनी समजावले. म्हणूनच उंचीसाठी त्यांनी उपग्रहावर विसंबून न राहता भारतीय सर्वेक्षण विभागाच्या, समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक असलेल्या खुणेपासून ऑटो लेव्हलने (आडवी पातळी धरणाऱ्या दुर्बिणीने) पातळी आणली आणि उलट वाटेने पुन्हा मोजत खुणेपर्यंत नेली. एका किलोमीटरच्या फेरीला १२ मिलिमीटर फरक चालतो. त्यांचा ५ मिलिमीटर आला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर २००५ च्या पुराच्या पाण्याची रेघ आम्ही रंगवून ठेवली आहे. तिचीही पातळी त्यांनी कोणी न सांगता घेतली आणि नव्या इमारतीची जोत्याची पातळी व पंपाची खोली ठरवताना ती वास्तुविशारदांसमोर ठेवा, अशी टीप नकाशावर लिहिली.

तक्रारीही आहेत. भूगर्भ तपासणीचे काम त्यांनी आपल्या ओळखीच्या दुसऱ्या ठेकेदाराकडे सोपवले आणि तिथे देखरेख कमी पडली. तीन विंधन छिद्रे घेतली गेली. भराव, मग पिवळसर मुरूम, मग खडक असा क्रम लागला. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून पाडून ठोके मोजायची, जमिनीचा घट्टपणा पाहणारी चाचणी पहिल्या छिद्राच्या वेळी नीट झाली, पण दुसऱ्या छिद्राच्या वेळी मजूर दोरी अंदाजाने सोडत होते. मी आक्षेप घेतल्यावर ते छिद्र शेजारी पुन्हा घेतले गेले, तरी हे पाहायला सर्वेक्षक कचेरीचा माणूस तिथे हजर असायला हवा होता. गढूळ पाणी दोन दिवस फाटकातून वाहत राहिले. अहवाल कबूल केलेल्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी आला. नकाशावरच्या सगळ्या नोंदी इंग्रजीत होत्या. सभेसाठी मराठी प्रत मागितल्यावर ती मिळाली, पण मागावी लागली.

नकाशाच्या छापील प्रतींबरोबर कॅडची फाईल, सातही स्थानकांच्या सहनिर्देशकांचा (जागा दाखवणाऱ्या आकड्यांचा) तक्ता आणि पातळ्यांची नोंदवही यांच्या प्रती त्यांनी आपणहून दिल्या. विकासकाच्या माणसांनी पुढे आपले यंत्र आमच्याच खिळ्यांवर उभे करून पडताळणी केली आणि क्षेत्रावर वाद झाला नाही.

नगर भूमापन कार्यालयाच्या भूकरमापकांनी मोजणी केली आणि त्या मोजणीच्या सरकारी नकाशाची ‘क’ प्रत मिळाली, तेव्हा पूर्वेची हद्द जुन्या दगडी पायाला लागूनच निघाली. शेजारच्या संस्थेशी त्या पट्ट्याबद्दल अजून बोलणी चालू आहेत. ज्या दिवशी आम्ही त्यांना ‘क’ प्रत दाखवली, त्याच दिवशी त्यांच्या सचिवांनी माझ्याकडून आमच्या सर्वेक्षकांच्या कचेरीचा फोन नंबर मागून घेतला. पावसाळा संपल्यावर त्यांच्या भूखंडाची मोजणी सुरू होईल.